तंजावरचा ‘अण्णा’ आणि घराबाहेरचे सगळे मोसम

३१ जुलै २०१६. हैदराबादच्या गच्चीबोवली स्टेडियममध्ये प्रो कबड्डीच्या चौथ्या मोसमाची अंतिम लढत संपली. पाटणा पायरेट्सनी जयपूर पिंक पँथर्सना ३७-२९ असं हरवलं. गुणफलकावर झळकत होता तो प्रदीप नरवाल, वय वर्षं १९. पण करंडक उचलायला पुढे आला तो पाटण्याचा कप्तान, वय वर्षं ४१. म्हणजे कप्तानाने कबड्डी खेळायला सुरुवात केली तेव्हा त्याच्या संघाचा हुकमाचा एक्का बहुधा पाळण्यातसुद्धा नव्हता.

कप्तानाचं नाव धर्मराज चेरालाथन. गाव तिरुसनमपूंडी, जिल्हा तंजावर, तमिळनाडू. कबड्डीच्या दुनियेत मात्र त्याला या लांबलचक नावाने हाक मारणारे कमीच. हरियाणाची पोरं असोत, महाराष्ट्राची असोत की इराणची, सगळ्यांसाठी तो ‘अण्णा’. मराठीत जो अर्थ, तोच तमिळमध्ये. थोरला भाऊ.

तंजावर म्हटलं की मराठी माणसाला आठवतात ते व्यंकोजीराजे, सरफोजीराजे आणि सरस्वती महाल ग्रंथालयातली मोडी कागदपत्रं. फार तर बृहदीश्वराचं देऊळ आणि तंजावरी चित्रं. कबड्डी कुणाला आठवत नाही. पण कावेरीच्या या भातशेतीच्या मुलखात कबड्डी रुजली आहे ती आपल्या कोकणातल्या किंवा कोल्हापूर-सांगलीकडच्या गावांइतकीच घट्ट. तिथे तिचं जुनं नाव ‘सडुगुडु’. आपण ‘हुतूतू’ म्हणत दम घुमवायचो, ते ‘सडुगुडु, सडुगुडु’ म्हणत घुमवायचे. ‘कबड्डी’ हा शब्दच मुळी तमिळमधल्या ‘कै-पिडी’ म्हणजे ‘हात धर’ या शब्दांवरून आला, असंही तिकडचे लोक अभिमानाने सांगतात. भाताची कापणी, पोंगल, गावदेवीची जत्रा, असं काही निमित्त झालं की मैदान आखायचं, दिवे टांगायचे आणि रात्रभर सामने. चोपलेली माती, अनवाणी पाय आणि चारी बाजूंनी दाटीवाटीने बसलेला गाव. तमिळ सिनेमालाही या खेळाची भूल पडली ती काही उगाच नाही. २००४ च्या ‘गिल्ली’त खुद्द विजय कबड्डीपटू झाला, २००९ मध्ये ‘वेण्णिला कबडी कुळु’ आला आणि २०२५ मध्ये मारी सेल्वराज यांचा ‘बायसन’. हा शेवटचा सिनेमा तुतुकुडी जिल्ह्यातले अर्जुन पुरस्कार विजेते मणत्ती गणेशन यांच्या आयुष्यावरून सुचलेला.

आता एक साधा हिशेब. चेरालाथनचा जन्म एप्रिल १९७५ चा. प्रो कबड्डी लीगची पहिली चढाई मुंबईत झाली ती २६ जुलै २०१४ रोजी. तेव्हा अण्णा ३९ वर्षांचा होता. बहुतेक कबड्डीपटूंचे गुडघे आणि घोटे तिशीतच कुरकुरायला लागतात. पस्तिशीपर्यंत तो शिट्टी गळ्यात अडकवून पोरांना शिकवू लागतो, नाही तर नोकरीच्या टेबलामागे कायमचा बसतो. ज्या वयात घरी बसायचं, त्या वयात या माणसाच्या समोर पहिल्यांदा टीव्हीचे दिवे लागले, अंगावर नाव छापलेली जर्सी आली आणि खेळाचे म्हणून वेगळे पैसे मिळू लागले. त्याआधीची वीसेक वर्षं कशात गेली? मातीत, राष्ट्रीय स्पर्धांत आणि रेल्वेच्या स्लीपर डब्यात. त्याच्या पिढीतल्या सगळ्यांचीच ती तऱ्हा.

त्या पिढीचं अर्थकारण समजून घ्यायला हवं. कबड्डीत पैसा नव्हता, पण नोकरी होती. रेल्वे, बँका, पोलीस, सेनादल, वीजमंडळ, सरकारी कारखाने यांच्या संघांत निवड झाली की महिन्याचा पगार सुरू. शेतमजुराच्या किंवा गिरणी कामगाराच्या पोराला यापेक्षा मोठं बक्षीस कोणतं? मुंबईच्या गिरणगावात, लालबाग-परळच्या गल्ल्यांत जे चालायचं, तेच कावेरीच्या काठी. खेळायचं ते नोकरी मिळावी म्हणून, आणि नोकरी लागली की खेळायचं ते नोकरीने सुट्टी दिली म्हणून.

हे कोडं एकट्या भारताचं नाही. इंग्लंडच्या उत्तरेकडे, यॉर्कशायर आणि लँकेशायरच्या कोळसा खाणींत आणि कापड गिरण्यांत राबणारे तरुण शनिवारी रग्बी खेळायचे. शनिवार त्यांच्या कामाचा दिवस. सामन्याला गेलं की रोज बुडायचा. ‘निदान बुडालेली मजुरी तरी द्या’ ही त्यांची मागणी लंडनच्या सुखवस्तू रग्बी मंडळींना पटेना. खेळ हौसेचाच हवा, हा त्यांचा हट्ट. पोट भरलेल्यांना हौस परवडते! अखेर २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्ड गावातल्या जॉर्ज हॉटेलमध्ये उत्तरेतले वीसेक क्लब जमले आणि त्यांनी वेगळी चूल मांडली. दिवसाला सहा शिलिंगपर्यंत बुडीत मजुरी द्यायची असं ठरलं. आजच्या ‘रग्बी लीग’चा उगम तो. गंमत म्हणजे १८९८ मध्ये खेळाडूंना उघडपणे पैसे द्यायची मुभा मिळाली तेव्हाही अट होती की प्रत्येकाला दुसरा कामधंदा असलाच पाहिजे. नोकरी आधी, खेळ मागून. आपल्या रेल्वेच्या कबड्डीपटूला ही अट ऐकून हसूच येईल.

या रग्बी लीगचा मोसम शंभर वर्षं हिवाळ्यातल्या चिखलात रंगायचा. १९९६ मध्ये रूपर्ट मर्डोक यांच्या कंपनीने ८ कोटी ७० लाख पौंड मोजले आणि ‘सुपर लीग’ सुरू झाली. मोसम हिवाळ्यातून उन्हाळ्यात आला. टीव्हीच्या सोयीसाठी शेजारशेजारच्या गावांचे जुने क्लब एकमेकांत विलीन करायचीही टूम निघाली होती. तेव्हा मात्र गावकरी चवताळून उठले आणि ती योजना बारगळली. २०१४ मध्ये प्रो कबड्डी ज्या स्टार वाहिनीवर अवतरली, तीही तेव्हा मर्डोक यांच्याच साम्राज्यातली. कबड्डीलाही टीव्हीने मातीतून उचलून निळ्या-लाल मॅटवर ठेवलं. चढाईला ३० सेकंदांचं घड्याळ लावलं. सलग दोन चढाया कोऱ्या गेल्या की तिसरीला ‘करो या मरो’चा धाक घातला. जाणत्यांनी आधी नाकं मुरडली. मग सामने पाहिले आणि गप्प बसले. पहिल्याच मोसमाला देशभरात ४३ कोटी प्रेक्षक मिळाल्याचा आकडा जाहीर झाला होता. आयपीएलच्या खालोखाल.

पैशाची उडीही बघण्यासारखी. २०१४ च्या लिलावात सर्वांत महाग ठरलेला राकेशकुमार १२ लाख ८० हजारांना गेला. २०१८ मध्ये मोनू गोयतसाठी हरियाणाने १ कोटी ५१ लाख मोजले. २०२२ मध्ये पवन सेहरावतला तमिळ थलैवाजनी २ कोटी २६ लाखांना घेतलं आणि पहिल्याच सामन्यात गुडघा दुखावून तो मोसमभर बाहेर बसला. कबड्डीतला पैसा हा असा. एका चुकीच्या वळणावर सगळा मामला.

अण्णा या लिलावांतला हिरा कधीच नव्हता. मोठी बोली लागते ती चढाईपटूंवर, आणि हा गडी बचावाचा. बचाव करणाऱ्याचं काम बरंचसं न दिसणारं. चढाई करणारा आत आला की त्याच्या पायाकडे बघत मागे सरकायचं, साखळीतल्या जोडीदाराचा हात सोडायचा नाही, त्याला बोनसच्या मोहात पाडायचं आणि त्याचा मागचा पाय जरा जड झाला की त्याच क्षणी घोटा धरायचा. आधी झेप घेतली तर गुण गेला, उशीर झाला तर गडी मध्यरेषेपार. इथे ताकदीपेक्षा धीर लागतो, आणि धीर वयाने वाढतो. विशीतला मुलगा अंगावर धावून जातो. चाळिशीतला थांबतो. अण्णा एवढा काळ टिकला त्याचं गमक बहुधा यातच असावं. भोवतालच्या पोरांना एका ओळीत उभं ठेवण्याचं कामही त्याचंच. संघमालकांनी त्याला घेतलं ते निम्मं त्यासाठी.

२०१६ हे वर्ष त्याचंच. जुलैत लीगचा करंडक, तर ऑक्टोबरमध्ये अहमदाबादला विश्वचषक. सलामीलाच दक्षिण कोरियाने भारताला ३४-३२ असा धक्का दिला. कबड्डीच्या मायदेशात ही नामुष्की! पण नंतर गाडी रुळावर आली. रग्बी लीगच्या देशातून आलेल्या इंग्लंडच्या संघाला भारताने ६९-१८ असं लोळवलं आणि २२ ऑक्टोबरच्या अंतिम सामन्यात इराणला ३८-२९ असं हरवलं. अनुपकुमारच्या त्या विजेत्या संघात ४१ वर्षांचा चेरालाथन होता. बीजिंगला १९९० मध्ये कबड्डी पहिल्यांदा एशियाडमध्ये खेळली गेली तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. एक अख्खी पिढी खेळून निवृत्त झाल्यावर त्याच्या गळ्यात विश्वविजेतेपदाचं पदक पडलं.

आणि इथेच या कहाणीत एक खुटखुट आहे. लीग सुरू झाली तेव्हा तमिळनाडूचा संघच नव्हता. कबड्डीने वेडावलेलं राज्य, पण खेळाडू तेलुगू, कानडी, बिहारी नावांच्या संघांसाठी घाम गाळत. २०१७ मध्ये चार नवे संघ आले, त्यात चेन्नईचा तमिळ थलैवाज. मालकांत सचिन तेंडुलकरचं नाव, कप्तान अजय ठाकूर. तमिळनाडूच्या कबड्डीरसिकांना वाटलं असेल, आता आपला अण्णा घरी येणार. लिलावाचं गणित वेगळंच निघालं. अण्णा गेला पुणेरी पलटणमध्ये.

मराठी प्रेक्षकांच्या हे पथ्यावरच पडलं. २०१७ मध्ये बालेवाडीत पुणेकरांनी त्याच्यासाठी टाळ्या पिटल्या, तर २०१८ मध्ये वरळीच्या डोममध्ये यू मुंबाच्या पाठीराख्यांनी. डाव्या कोपऱ्यात इराणचा फझल अत्राचली, त्याच बचावफळीत तंजावरचा अण्णा, आणि गॅलरीत लालबाग-परळहून आलेली मंडळी. शिवाजीमहाराजांच्या सावत्रभावाच्या तंजावरातला माणूस मुंबईच्या संघाचा बुरूज सांभाळतोय, ही जोडणी तेव्हा कुणाच्या ध्यानात आली की नाही, कोण जाणे. २०१९ मध्ये हरियाणा स्टीलर्सनी त्याला थेट कप्तानपद दिलं. वय ४४!

या तीन वर्षांचा ताळेबंद मांडून बघा. पुणेरी पलटण प्लेऑफमध्ये गेली आणि तिथे हरली. यू मुंबाही प्लेऑफमध्ये गेली आणि यूपी योद्धाकडून २९-३४ अशी हरली. हरियाणाही प्लेऑफमध्ये पोहोचली आणि तिला ४६-३८ असं बाहेर काढलं ते अण्णाच्याच जुन्या संघाने, यू मुंबाने. दरवर्षी संघ नवा, मजल तीच. आणि त्याच तीन वर्षांत तमिळ थलैवाज? २०१७ मध्ये गटात शेवटचा, २०१८ मध्ये गटात शेवटचा, २०१९ मध्ये बारा संघांत बारावा. तंजावरचा माणूस परक्या संघांना वर नेत होता आणि घरचा संघ तळ शोधत होता. खेळाडू म्हणून अण्णा थलैवाजच्या जर्सीत कधी उतरलाच नाही. लिलावात भावनेला बोली लागत नाही हे खरं, पण निदान या बाबतीत भावना आणि व्यवहार एकाच बाजूला होते, हे थलैवाजच्या मालकांना दिसायला हवं होतं.

त्याला घरच्या संघाची हाक आली ती २०२४ मध्ये, आणि तीही मैदानाबाहेरच्या कामासाठी. अकराव्या मोसमात उदयकुमार मुख्य प्रशिक्षक आणि चेरालाथन डावपेच प्रशिक्षक, अशी जोडी थलैवाजनी जमवली. दोघेही तमिळ मातीतले. चेन्नईत हा माणूस घरच्या प्रेक्षकांसमोर उभा राहणार म्हणावं, तर त्या मोसमाचे सगळे सामने ठरले हैदराबाद, नॉयडा आणि पुण्यात! चेन्नईला एकही नाही. पुण्याच्या बालेवाडीत तो पुन्हा आला, फक्त यावेळी मॅटच्या बाहेर. थलैवाजना प्लेऑफ गाठता आली नाही. २०२५ च्या मोसमासाठी संघाने संजीव बालियान यांना मुख्य प्रशिक्षक नेमलं. लीग चेन्नईत परतली ती त्या मोसमात.

तंजावर ते चेन्नई हे अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. लीगचा डेरा तंजावरात कधी पडलेला नाही. त्यासाठी लागणारं वातानुकूलित बंदिस्त स्टेडियम, मोठी हॉटेलं, विमानतळ हा सगळा सरंजाम जिल्ह्याच्या गावांना कुठून परवडणार? तिथल्या पोरांसाठी लीगचं दार उघडतं ते नव्या खेळाडूंच्या निवड शिबिरातून. २०१७ मध्ये अशी शिबिरं देशभर झाली तेव्हा वयाची अट होती १८ ते २२. गावच्या जत्रेत सामना मारणारा पंचविशीचा गडी त्या चाळणीतून पडला की त्याच्यापुढे पुन्हा जुनीच वाट उरते, ती म्हणजे जिल्हा, राज्य, राष्ट्रीय स्पर्धा आणि खेळाडूंच्या राखीव कोट्यातली नोकरी. चेरालाथन आला तो याच वाटेने, आणि चाळिशीपर्यंत चालत राहिला.