थर, पदर आणि पटल : नैसर्गिक भारित बहुवारिकांची घडण

प्रास्ताविक

विज्ञानविषयक मराठी लेखनाचा अभ्यास करताना केवळ पारिभाषिक शब्दांची यादी पाठ करून भागत नाही. शब्द वाचकाच्या मनात कोणते चित्र उभे करतो आणि ते चित्र वस्तुस्थितीशी कितपत जुळते, हेही तपासावे लागते. या दृष्टीने प्रस्तुत घटकात ‘थर’ या साध्या शब्दाचा एका उदाहरणाच्या आधारे विचार करू.

विषय-विवेचन

एकाच प्रकारचे लहान घटक साखळीसारखे जोडले जाऊन जो दीर्घ रेणू तयार होतो, त्यास ‘बहुवारिक’ म्हणतात. कोळंबी व खेकडे यांच्या कवचातील कायटिनपासून मिळणारे कायटोसान आणि तपकिरी समुद्रशैवालातील अल्जिनेट ही नैसर्गिक बहुवारिके होत. सौम्य आम्लयुक्त पाण्यात कायटोसानच्या साखळीवर धनभार येतो. अल्जिनेटच्या साखळीवर ऋणभार असतो.

आता काचेची स्वच्छ पट्टी घ्या. पाण्यात तिच्या पृष्ठभागावर ऋणभार असतो. ती कायटोसानच्या द्रावणात काही मिनिटे बुडवली की साखळ्या तिला चिकटतात. त्यांचा भार काचेचा भार केवळ फेडून थांबत नाही. काही भार शिल्लक उरतो आणि पृष्ठभाग धनभारित होतो. मग येऊ पाहणाऱ्या नव्या कायटोसान-साखळ्यांना तोच दूर लोटतो. म्हणून थर आपोआप मर्यादित राहतो. पट्टी धुऊन अल्जिनेटच्या द्रावणात बुडवली की हीच क्रिया उलट भाराने घडते. बुडवणे, धुणे, पुन्हा बुडवणे एवढ्याच कृतीने पटल वाढत जाते. भारित कणांचे थर रचण्याची कल्पना आयलर यांनी १९६६ मध्ये मांडली होती. १९९० च्या दशकाच्या प्रारंभी गेरो डेकर यांनी ती भारित बहुवारिकांसाठी विकसित केली.

‘विरुद्ध भार एकमेकांना खेचतात’ हे स्पष्टीकरण खरे असले तरी अपुरे आहे. द्रावणात प्रत्येक साखळीभोवती विरुद्ध भाराचे छोटे आयन घुटमळत असतात. दोन साखळ्या एकत्र आल्या की हे आयन मोकळे होऊन पाण्यात विखुरतात. त्यांना लाभणारे हे स्वातंत्र्य हीच पटल घडण्यामागील एक प्रमुख प्रेरणा आहे.

आता ‘थर’ या शब्दाकडे वळू. हा शब्द ऐकताच भिंतीतील विटांची रांग किंवा घडीच्या पोळीचे पदर डोळ्यांपुढे येतात. पदर सुटे करता येतात. या पटलाचे थर मात्र सुटत नाहीत. शेजारच्या थरांतील साखळ्या एकमेकींत शिरून गुंततात. पोळीपेक्षा गोधडीची उपमा येथे जवळची ठरेल. मात्र गोधडीतही कापडाचे थर ओळखू येतात, येथे त्यांच्या सीमा पुसट होतात.

काही जोड्यांत तर ‘थर’ हा शब्द आणखी तोकडा पडतो. काही पटलांची जाडी दर फेरीला सारख्या प्रमाणात, म्हणजे रेषीय वाढते. परंतु कायटोसान व हायलुरोनिक आम्ल यांच्या जोडीत, शरीरद्रवाइतक्या खारट द्रावणात, वाढ घातांकी असल्याचे आढळले आहे. येथे एका प्रकारच्या साखळ्या पृष्ठभागावर न थांबता पटलाच्या आत झिरपतात आणि पुढील फेरीत बाहेर येऊन नव्या साखळ्यांशी जुळतात. पटल जितके जाड, तितका त्यातील साठा अधिक. म्हणून प्रत्येक फेरी मागील फेरीपेक्षा मोठी भर घालते.

पटलाचे वर्तनही परिस्थितीनुसार बदलते. सामू सुमारे ६.५ झाला की कायटोसानचा जवळजवळ निम्मा भार ओसरतो, आणि जुळणी सैल होऊ लागते. द्रावणात थोडे मीठ असेल तर साखळ्या वेटोळ्या होऊन जाड थर देतात; मीठ फार झाले तर बंध तुटून पटल विरघळू शकते. ओलाव्याने ते फुगते. साखळ्यांमध्ये रासायनिक बंध घातल्यास ते ताठर होते. जखमेवरील आवरणे किंवा औषध हळूहळू सोडणारी वेष्टणे यांसाठी अशा पटलांचा अभ्यास होतो, तेव्हा हे गुणधर्मच निर्णायक ठरतात. ‘थर’ म्हणजे सुटी, स्थिर चकती असे समजणाऱ्या वाचकाला पटल का फुगते वा का विरघळते, हे उमगणार नाही.

सारांश

‘थर’ हा शब्द टाकून देण्याचे कारण नाही. पटल रचण्याची कृती तो अचूक सांगतो. घडलेल्या पटलाची अंतर्रचना मात्र तो सांगत नाही. म्हणून परिचित शब्द वापरताना त्याची मर्यादा पुढच्याच वाक्यात स्पष्ट करणे, हे विज्ञानलेखकाचे कर्तव्य आहे.

स्वयं-अध्ययन प्रश्न

१. कायटोसानचा थर आपोआप मर्यादित का राहतो?
२. रेषीय व घातांकी वाढीतील फरक स्वतःच्या शब्दांत लिहा.
३. आपल्या व्यवसायातील एखादा परिचित शब्द निवडा. तो कोणते चित्र उभे करतो व कोठे अपुरा पडतो, हे दहा ओळींत मांडा.