दुकानाचा राखणदार आणि एप्रिलचं ऊन : मुक्या जनावरासाठीही सिस्टिम लागते



आपण इथं नेहमी स्टॉक, उधारी आणि मार्जिनवर बोलतो. आजचा विषय जरा वेगळा आहे, पण दुकानाबाहेरचा नाही. आपल्यातल्या कितीतरी दुकानदारांकडं गोडाऊनची राखण करणारं कुत्रं असतं. कुणाच्या गल्ल्याशेजारी मांजर झोपलेलं असतं, कुणी काउंटरवर माशांची टाकी ठेवलेली असते, तर कुणाचा धंदाच कोंबडीच्या पिल्लांचा असतो. मार्च ते मे या तीन महिन्यांत या सगळ्यांचा जीव आपल्या हातात असतो, आणि नेमका तोच आपला लगीनसराईचा, गर्दीचा सीझन.

आधी माझी चूक सांगतो.

माझं मलकापुरात पशुखाद्याचं दुकान आहे, मागं पत्र्याचं गोडाऊन. राखणीला वाघ्या, गावठी कुत्रा. बाजारादिवशी गिऱ्हाईक बिचकतं म्हणून मी त्याला गोडाऊनमध्ये बांधायचो. दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये असाच सकाळी दहाला बांधला, भांड्यात पाणी ठेवलं, शटर अर्धं ओढलं आणि गल्ल्यावर बसलो. गर्दीत डोकं वर काढायला वेळ मिळाला नाही. दुपारी अडीचला दुकानातला पोरगा सरकी पेंडीचं पोतं आणायला गेला आणि ओरडतच बाहेर आला.

पाण्याचं भांडं लवंडलेलं. साखळी खांबाला गुंडाळून हातभर उरलेली. वाघ्याची जीभ लालभडक, तोंडातून चिकट लाळ, नजर कुठंच लागत नव्हती. उठायला गेला आणि मागचे पाय गेले. मी काय केलं? गोणपाट भिजवलं, त्याच्या अंगावर टाकलं आणि गाडी काढायला पळालो. जाता जाता डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "आधी ते गोणपाट काढा. सावलीत घ्या, अंगावर पाणी ओता, पंखा लावा. थंड करा, मग आणा."

वाघ्या वाचला. दोन दिवस सलाईन लागलं. आजही तो दुकानाबाहेर बसलेला असतो. पण तो माझ्या हुशारीनं वाचला नाही, वेळेत पेंड विकली गेली म्हणून वाचला. त्या पोत्याला अजून अर्ध्या तासानं गिऱ्हाईक आलं असतं, तर हा लेख लिहायला तोंड राहिलं नसतं.

कुत्र्याला ऊन जास्त का लागतं?

आपल्याला घाम येतो, तो वाळतो आणि अंग गार होतं. कुत्र्याला घाम येतो तो फक्त पंजाच्या गाद्यांना, आणि तो फारसा कामाचा नाही. त्याचा कूलर म्हणजे धापा. जीभ बाहेर काढून तो भराभर श्वास घेतो, तोंडातला आणि श्वासनलिकेतला ओलावा हवेत जातो आणि शरीर थंड होतं. म्हणजे त्याला दोन गोष्टी लागतात : अंगात पाणी आणि बाहेर खेळती, कोरडी हवा.

बंद गोडाऊनमध्ये हवा खेळत नाही. कुत्रा जेवढा धापा टाकतो तेवढी आतली हवा आणखी दमट होते आणि कूलर बंद पडतो. निरोगी कुत्र्याचं तापमान साधारण १०१ ते १०२.५ फॅरेनहाइट असतं. १०४ च्या वर गेलं की काळजीचं, १०६ च्या पुढं जिवावरचं.

"आपल्याकडं कुठं एवढं ऊन?"

मलकापूर म्हटलं की बाहेरची लोकं विचारतात, बुलढाण्याचं का कऱ्हाडजवळचं? आपलं शाहूवाडीचं, आंबा घाटाच्या अलीकडचं. विदर्भासारखा ४५ चा पारा आपल्याकडं नसतो, आणि तिथंच आपण गाफील राहतो. वळवाच्या आधी दोन-चार दिवस जो उकाडा होतो तो आठवा. पारा फार नसतो, पण हवा ओलसर, झाडाचं पान हलत नाही. आपला सदरा अंगाला चिकटतो, कारण घाम वाळत नाही. कुत्र्याच्या धापांचंही तेच होतं. त्यामुळं फक्त मोबाईलवरचा आकडा बघू नका, उकडतंय का ते बघा.

दुसरा गैरसमज जातीचा. आपल्या भागातले कारवानी, मुधोळ अंगानं सडपातळ, बारीक केसांचे, लांब नाकाडाचे. त्यांना उष्णता तुलनेनं सोसते. चपट्या नाकाचे पग, बुलडॉग, पर्शियन मांजर यांची श्वासाची वाटच अरुंद असते, त्यांना सगळ्यात जास्त धोका. जाड, म्हातारं, लहान पिल्लू किंवा गाभण जनावर असेल तर तेही याच यादीत. पण सडपातळ कुत्रा दुपारी गाडीमागं पळवला तर तोही कोसळतो. इंग्लंडमधल्या रॉयल व्हेटरिनरी कॉलेजच्या संशोधकांनी तिथल्या दवाखान्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा उष्णतेनं आजारी पडलेल्या कुत्र्यांपैकी साधारण तीन चतुर्थांश कुत्री बंद गाडीतली नव्हती. पळण्या-खेळण्याच्या श्रमानं त्यांना त्रास झाला होता. तो देश थंड असून ही गत.

बंद गाडी म्हणजे भट्टी

कोल्हापूर–रत्नागिरी रोडवर कोकणात जाणाऱ्या गाड्या जेवायला थांबतात आणि आत कुत्रं असतं. काच दोन बोटं खाली, मालक ताटावर. अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उन्हात उभ्या गाड्यांचं तापमान मोजलं. एका तासात आतलं तापमान सरासरी २२ अंश सेल्सिअसनं वाढलं, आणि त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काच थोडी खाली ठेवून फारसा फरक पडला नाही. बाहेर ३५ असेल तर आत किती होईल, हिशेब तुम्हीच करा. तुमचं हॉटेल किंवा चहाची टपरी असेल तर अशा गिऱ्हाइकाला सरळ सांगा, "कुत्र्याला सावलीत बांधा, पाणी आम्ही देतो." गिऱ्हाईक रागावत नाही, उलट लक्षात ठेवतं.

मी बसवलेली सिस्टिम

"लक्ष ठेवा रे" ही सिस्टिम नव्हे. सगळ्यांनी लक्ष ठेवायचं म्हणजे कुणीच ठेवायचं नाही. मी हे केलं :

१. जागा बदलली. पत्र्याखाली बांधणं बंद. आता वाघ्या उत्तरेकडच्या भिंतीला, फरशीवर. सावली दिवसभर सरकते, म्हणून एकदा दुपारी एक वाजता स्वतः जाऊन बघा. सकाळची सावली दुपारी तिथं नसते.

२. दोन ठिकाणी पाणी. हलकं स्टीलचं भांडं लवंडतं आणि तापतं. मातीचं पसरट, जड भांडं घ्या. एक सांडलं तरी दुसरं राहतं.

३. साखळी काढली. गर्दीच्या दिवशी जाळीचं छोटं कुंपण. कुत्र्याला स्वतः उठून गार जागी जाता आलं पाहिजे.

४. नाव आणि वेळ ठरवली. सकाळी ११, दुपारी १ आणि ३. गल्ल्याशेजारच्या कागदावर पाणी बघणाऱ्यानं सही करायची. स्टॉक रजिस्टरसारखंच.

५. फिरणं पहाटे किंवा दिवस मावळल्यावर. त्याआधी रस्त्यावर हाताची उलटी बाजू सात सेकंद ठेवा. तुम्हाला सोसत नसेल तर त्याच्या पंजालाही सोसणार नाही. डांबर संध्याकाळीही बराच वेळ तापलेलं असतं.

६. पत्र्यावर पांढरा उष्णतारोधक रंग आणि वर गवताचा थर. यानं पोत्यातला मालही वाचतो, हा वरचा फायदा. वाळलं गवत पेट घेतं, म्हणून वायरिंगपासून लांब ठेवा.

हे शहाणपण नवीन नाही. ओझ्याच्या आणि ओढकामाच्या जनावरांसाठी केंद्र सरकारनं १९६५ सालीच नियम केलाय : जिथं तापमान ३७ अंशांच्या वर जातं, तिथं दुपारी १२ ते ३ जनावर कामाला जुंपायचं नाही. बैलाला जो न्याय, तोच राखणदाराला लावा.

झटका आलाच तर

लक्षणं अशी : थांबत नाहीत अशा जोरजोरात धापा, चिकट लाळ, लाल किंवा जांभळट हिरड्या, झोकांडी, उलटी, जुलाब, झटके. मांजर तोंड उघडून धापा टाकत असेल तर ते नेहमीचं समजू नका, तिथंच धोका ओळखा.

- लगेच सावलीत, वाऱ्याला घ्या.
- नळाचं पाणी अंगावर ओता. पोट, काखा, मांड्यांच्या आत पोचू दे. नाकातोंडात जाऊ देऊ नका. पंखा लावा. पंखा नसेल तर पुठ्ठ्यानं वारा घाला.
- ओलं गोणपाट किंवा टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नका. ते काही मिनिटांत गरम होतं आणि आतली वाफ अडवतं. अंगाखाली ओलं घातलं तर चालेल.
- शुद्धीत असेल तर थोडं थोडं पाणी प्यायला द्या. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही ओतू नका.
- पाणी ओततानाच एकानं डॉक्टरांना फोन करावा. थर्मामीटर असेल तर १०३ ला आल्यावर पाणी थांबवा, नाहीतर अंग जास्तच गार पडतं.
- मग दवाखान्यात न्या, गाडीच्या काचा उघड्या ठेवून. उठून बसलं, शेपूट हलवली तरी न्या. किडनीला झालेली इजा एक-दोन दिवसांनी दिसते.

गाय, म्हैस, शेळीसाठी फिरत्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा टोल फ्री नंबर १९६२ आहे, तो शेडच्या भिंतीवर रंगवून ठेवा.

हे करू नका

अंग तापलंय म्हणून माणसाची तापाची गोळी देऊ नका. हा ताप नव्हे, गोळीनं उतरत नाही, आणि पॅरासिटामॉल तर मांजराला विष आहे. या दिवसांत घरात तासगावची द्राक्षं आणि मनुके असतात. कुत्र्याला गार म्हणून द्राक्ष घालू नका, त्यानं किडनी निकामी होऊ शकते. जर्मन शेफर्ड, पॉमेरेनियन अशा दुहेरी केसांच्या कुत्र्याचा चमनगोटा करू नका. ते केस उन्हापासून आडोसा देतात, नुसते विंचरून मोकळे करा. उन्हाळ्यात गोचीडही वाढतात, आठवड्यातून दोनदा कान आणि पंजांच्या बोटांमध्ये बघा.

ज्यांचा धंदाच हा आहे त्यांच्यासाठी

मासे विकणाऱ्यांनो, पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंशांच्या लिटरभर पाण्यात साधारण ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना साडेसात. म्हणून उन्हाळ्यात टाकीत मासे कमी ठेवा, खाद्य कमी घाला, आणि लाईट गेल्यावर चालेल असा बॅटरीचा एअर पंप ठेवा.

कोंबड्यावाल्यांनो, पचनानं अंगात उष्णता तयार होते, म्हणून भर दुपारी खाद्य काढून घ्या, पहाटे आणि रात्री द्या. पाणी मात्र कायम. पिल्लांच्या पेट्या टेम्पोत एकावर एक गच्च रचू नका आणि दुपारची डिलिव्हरी घेऊ नका.

पेट शॉप असेल तर २०१८ च्या पेट शॉप नियमांनुसार नोंदणी लागते, हे लक्षात ठेवा. आपला देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणं किंवा विकणं तर कायद्यानंच बंद आहे.

या आठवड्याचं काम

उद्या दुपारी एक वाजता, गर्दी असली तरी गल्ल्यावरून उठा. तुमचं जनावर जिथं बांधलेलं असतं तिथं दहा मिनिटं बसा, मोबाईल न बघता. तुम्हाला उठावंसं वाटलं तर ती जागा बदलायची आहे. तुम्हाला उठून जाता येतं, साखळीतल्या जिवाला येत नाही.

मी ते दहा मिनिटं वाघ्या आजारी पडल्यावर बसलो. तुम्ही आधी बसा.