प्रथमोपचाराची पेटी आणि धावून जाणारी माणसे

बारावीचा निकाल लागला की आपल्या घरांतून प्रवेशाची धावपळ सुरू होते. मुलगा वा मुलगी प्रथमच घराबाहेर राहणार, म्हणून वडीलधारी मंडळी स्वतः जाऊन वसतिगृह पाहून येतात. भोजनगृहात कंदमुळाविना जेवण मिळते का, सूर्यास्तापूर्वी ताट वाढले जाते का, जवळ मंदिर अथवा स्थानक आहे का, याची बारकाईने चौकशी होते. ती योग्यच आहे. परंतु एक प्रश्न क्वचितच विचारला जातो. रात्री दोन वाजता एखादा विद्यार्थी कोसळला, तर पहिल्या पाच मिनिटांत त्याच्याजवळ कोण असेल आणि त्याच्या हाती काय असेल?

आपल्या राज्यातील विद्यापीठांची आवारे एखाद्या गावाएवढी विस्तीर्ण आहेत. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठाचा गणेशखिंड परिसर ४०० एकरांहून अधिक आहे, पवईच्या आयआयटीचा सुमारे ५५० एकर, तर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचा ८५० एकरांच्या घरात आहे. एवढ्या आवारात एका टोकाहून दुसऱ्या टोकाला चालत जाण्यास वीस-पंचवीस मिनिटे सहज लागतात. एकच दवाखाना, तोही मध्यभागी, ही व्यवस्था नित्याच्या तापा-खोकल्यासाठी पुरेशी असेल. आकस्मिक प्रसंगी ती अपुरी पडते. हृदय बंद पडल्यावर चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. छातीवर दाब न देता आणि विजेचा धक्का न देता गेलेल्या प्रत्येक मिनिटागणिक वाचण्याची शक्यता सुमारे ७ ते १० टक्क्यांनी घटत जाते. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू आहे आणि तिचे उपकार मोठे आहेत. परंतु ती येईपर्यंतची मिनिटे आवारातील माणसांनाच सांभाळावी लागतात.

कायद्याने घालून दिलेले माप

आपल्यापैकी ज्यांचे कारखाने आहेत, त्यांना ही गोष्ट नवी नाही. कारखाने अधिनियम, १९४८ च्या ४५ व्या कलमाने दर १५० कामगारांमागे किमान एक प्रथमोपचार पेटी बंधनकारक केली. कायदा एवढ्यावर थांबला नाही. प्रत्येक पेटी प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र असलेल्या जबाबदार व्यक्तीच्या ताब्यात असावी, ती व्यक्ती कामाच्या वेळात सदैव उपलब्ध असावी आणि विहित वस्तूंखेरीज पेटीत दुसरे काही ठेवू नये, असेही त्याने सांगितले. संख्या, माणूस आणि सामग्री या तिन्ही गोष्टी एकत्र असतील, तरच पेटीला अर्थ आहे, हे त्यामागचे सूत्र.

विद्यापीठ म्हणजे कारखाना नव्हे. पण हे माप उसने घेण्यास कोणाची हरकत असावी? त्या हिशेबाने ६०० विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात चार पेट्या हव्यात. पुष्कळदा मात्र एकच पेटी कार्यालयाच्या कपाटात असते आणि सायंकाळी कपाटाची किल्ली लिपिकासोबत घरी जाते.

पेटीतील सामग्रीही जागेनुसार ठरावी. निर्जंतुक गॉज, रोलर बँडेज, त्रिकोणी पट्टी, चिकटपट्टी, कात्री, हातमोजे या वस्तू सर्वत्र हव्यातच. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत याखेरीज डोळे धुण्याची सोय हवी. आम्ल उडाले तर डोळा किमान १५ मिनिटे वाहत्या पाण्याने धुवावा लागतो. भोजनगृहात भाजण्याचा धोका अधिक. तेथे सर्वांत मोलाचे औषध म्हणजे नळाचे पाणी : भाजलेला भाग २० मिनिटे वाहत्या पाण्याखाली धरावा, तूप, हळद वा टूथपेस्ट लावू नये. क्रीडांगणावर मोडलेल्या हाडाला आधार देणाऱ्या फळ्या हव्यात. शक्य तेथे एईडी हे यंत्र बसवावे. ते रुग्णाच्या हृदयाची लय स्वतः तपासते, काय करावे ते बोलून सांगते आणि गरज असेल तरच धक्का देते.

माणसे कोठून आणावीत?

प्रशिक्षित माणसे आवारातच आहेत, त्यांना फक्त शिकवायचे आहे. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ मध्ये ३७ विद्यापीठांत सुरू झाली. तिचा स्वयंसेवक दोन वर्षांत २४० तास सेवा देतो. त्यांतील काही तास प्रथमोपचाराला दिले, तर प्रत्येक वसतिगृहात दरवर्षी नवे प्रशिक्षित विद्यार्थी तयार होतील. रेडक्रॉस आणि सेंट जॉन ॲम्ब्युलन्स या संस्था असे वर्ग घेतात. मात्र विद्यार्थी दोन-तीन वर्षांत निघून जातात. म्हणून चौकीदार, आचारी, प्रयोगशाळा साहाय्यक आणि वसतिगृहाचे अधीक्षक यांनाही शिकवणे अगत्याचे आहे. रात्रपाळीचा चौकीदार हाच बहुधा पहिला धावून जाणारा माणूस असतो.

त्यांनी शिकायचे ते फार नाही. शुद्ध नाही आणि श्वासही नीट नाही, अशा व्यक्तीच्या छातीच्या मध्यभागी किमान ५ सेंटीमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० या गतीने दाब देत राहणे. रक्तस्राव होत असेल तर स्वच्छ कापडाने थेट दाबून धरणे. आकडी आलेल्याच्या तोंडात काहीही न घालता त्याला कुशीवर वळवणे. सर्पदंशात चिरा न देता, आवळून न बांधता, दंश झालेला अवयव स्थिर ठेवून रुग्णालयात पोहोचवणे. आणि एकाने मुख्य फाटकावर उभे राहून रुग्णवाहिकेला वाट दाखवणे. कारण अनोळखी चालकाला आवारात वसतिगृह शोधण्यातच वेळ जातो.

पर्युषणाच्या दिवसांत याची विशेष आठवण ठेवावी. उपवास करणारा विद्यार्थी चक्कर येऊन पडला, तर घाबरलेले मित्र त्याच्या तोंडात साखरपाणी ओतू पाहतात. व्रताचा प्रश्न बाजूला ठेवला, तरी बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही ओतणे धोक्याचे. ते श्वासनलिकेत जाऊ शकते. त्याला आडवे करून पाय उंच करावेत आणि मिनिटभरात शुद्ध आली नाही, तर वैद्यकीय मदत बोलवावी. मधुमेही मुलांनी उपवासापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा आणि तो खोलीतील मित्राला सांगून ठेवावा.

आपल्याला काय करता येईल?

साठा न तपासता दुकान चालत नाही, हे व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही. पेटीचेही तसेच आहे. मुदत संपलेले मलम, वाळून गेलेली चिकटपट्टी आणि रिकामी बाटली यांची पेटी म्हणजे नावापुरता माल. दरमहा तपासणी, तारखेसह सही आणि वापरलेल्या वस्तूची त्याच आठवड्यात भरपाई एवढी नोंदवही प्रत्येक पेटीला हवी.

आपली कुटुंबे वडिलांच्या स्मरणार्थ शिक्षणसंस्थांना पंखे, वॉटर कूलर, ग्रंथांची कपाटे देत आली आहेत. याच उदार हातांनी प्रथमोपचाराकडेही पाहावे. पेटी देताना तिच्यासोबत तीन वर्षांच्या भरपाईचा खर्च आणि पंचवीस जणांच्या प्रशिक्षणाचे शुल्क द्यावे. नावाची पाटी लहान असली तरी चालेल. तिच्याखाली प्रशिक्षित व्यक्तींची नावे आणि दूरध्वनी क्रमांक मात्र ठळक असावेत.

आणि यंदा प्रवेशासाठी जाल, तेव्हा भोजनगृहाची चौकशी झाल्यावर अधीक्षकांना तीन प्रश्न अवश्य विचारा. पेटी कोठे आहे? रात्री ती उघडी असते का? आणि ती वापरणे कोणाला येते?