मत, मक्ता आणि मोजमाप

सार्वजनिक द्रव्य कोणास, कोणत्या कामासाठी आणि कोणाच्या संमतीने द्यावे, हा प्रश्न राज्यशास्त्राच्या ग्रंथांत जितका जुना आहे तितकाच तो गावच्या चावडीवरही जुना आहे. परंतु गेल्या दहा वर्षांत तो अशा एका ठिकाणी नव्याने उपस्थित झाला आहे की, जेथे चावडी नाही, सरपंच नाही, दफ्तर ठेवणारा ग्रामसेवक नाही, आणि ज्यांच्या द्रव्याचा हा विनियोग व्हावयाचा ते इसम एकमेकांना नावानेही ओळखत नाहीत. आभासी चलनाच्या, म्हणजे ज्याला आज सर्वत्र ‘क्रिप्टो’ म्हणतात त्याच्या, काही प्रकल्पांनी स्वतःचा सामाईक खजिना उभारला असून, त्यातून कोणत्या मक्तेदारास किती रक्कम द्यावयाची याचा निर्णय चलनधारकांच्या मतदानावर सोपविला आहे. या प्रयोगाविषयी आपल्याकडे जे बोलले जाते ते बहुधा चलनाच्या भावाविषयी असते. त्याच्या कारभाराविषयी क्वचितच बोलले जाते आणि वस्तुतः विचार करण्याजोगा भाग तोच आहे.

पुण्याहून पौडकडे निघाले म्हणजे चांदणी चौक, भूगाव आणि भुकूम मागे पडतात व घाट ओलांडून आपण पिरंगुटला येतो. एका बाजूस कारखान्यांची धुराडी आणि मालमोटारींची रीघ, दुसऱ्या बाजूस भाताची खाचरे, आणि मधोमध नव्या गृहसंकुलांच्या इमारती असे या गावाचे आजचे रूप आहे. ग्रामसभेत ठराव मांडणारा खातेदार आणि परदेशी कंपनीसाठी संगणकप्रणाली लिहिणारा अभियंता एकाच रस्त्यावर भेटावेत अशी जी थोडी गावे आहेत त्यांपैकी हे एक. म्हणून या विषयाकडे पाहण्यास ही जागा मला योग्य वाटते. शिवाय हा तालुका मुळशीचा, म्हणजे १९२१ च्या धरणविरोधी सत्याग्रहाचा आहे, आणि लोकांच्या मालमत्तेचा निर्णय लोकांना वगळून झाला असता काय होते, याचे स्मरण या मातीस देण्याची गरज नाही.

खजिना आणि त्याचे दार

२००९ च्या जानेवारीत बिटकॉइन अस्तित्वात आले, तेव्हा त्याच्या रचनेत सामाईक खजिन्याची तरतूद नव्हती. नवे चलन निर्माण होई ते सर्व, व्यवहारांच्या सामाईक नोंदवहीचे पान लिहिणाऱ्या संगणकांच्या मालकांस मिळे. प्रणालीची डागडुजी करणारे कारागीर मात्र देणगीदारांच्या वा एखाद्या कंपनीच्या औदार्यावर अवलंबून राहत. जो पगार देतो त्याचा शब्द कारागीर अधिक ऐकतो, हा अनुभव लक्षात घेऊन ‘डॅश’ या प्रकल्पाने २०१५ मध्ये एक वेगळी तजवीज केली: नव्याने निर्माण होणाऱ्या चलनाचा दहावा हिस्सा बाजूस ठेवावा, आणि तो महिन्यातून एकदा, मतदानाने मंजूर झालेल्या कामांना वाटावा. ज्याने एक हजार डॅश गुंतवून प्रणालीस आधार देणारे स्वतःचे संगणक-केंद्र चालविले आहे त्यासच मत. प्रस्ताव मांडणाऱ्याने आरंभी पाच डॅश भरावयाचे व ते परत मिळावयाचे नाहीत. आणि होकारांतून नकार वजा जाता उरलेली मते एकूण केंद्रांच्या एकदशांशाहून अधिक भरली तरच मंजुरी. जी रक्कम महिन्यात वाटली जात नाही ती पुढे साठविण्याऐवजी निर्माणच करावयाची नाही, असा त्यात आणखी एक कटाक्ष होता.

फेब्रुवारी २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘डिक्रेड’ने हीच कल्पना अधिक काटेकोरपणे अमलात आणली. तेथेही दहा टक्के हिस्सा खजिन्यात जातो. ज्यास मत द्यावयाचे आहे त्याने आपले चलन काही काळ अडकवून त्याबदल्यात ‘तिकीट’ घ्यावे लागते. म्हणजे मताचा अधिकार मिळविण्यासाठी तारण ठेवावे लागते आणि चलनाची किंमत घसरली तर तो तोटा मतदारासच सोसावा लागतो. ऑक्टोबर २०१८ पासून मक्तेदारांचे प्रस्ताव या तिकीटधारकांपुढे रीतसर येऊ लागले. काम कोणते, ते कोण करणार, किती मुदतीत आणि किती रकमेत, हे प्रस्तावात लिहावयाचे. त्यावर उघड चर्चा व्हावयाची. मग सुमारे आठवडाभर मतदान चालावयाचे. पात्र तिकिटांपैकी किमान वीस टक्क्यांनी मत दिले पाहिजे आणि पडलेल्या मतांपैकी किमान साठ टक्के होकारार्थी असली पाहिजेत, अन्यथा प्रस्ताव बारगळला. मंजुरी मिळाल्यानंतरही सगळी रक्कम एकदम हाती पडत नाही: मक्तेदाराने महिन्याच्या महिन्यास केलेल्या कामाचे बिल द्यावयाचे, त्यातील तास व दर डॉलरमध्ये मांडावयाचे, आणि ते तपासून झाल्यावर तितक्या किमतीचे चलन त्यास मिळावयाचे. मे २०२१ पासून तर खजिन्यातून प्रत्यक्ष रक्कम सोडण्यासही तिकीटधारकांचे मत आवश्यक झाले.

आपल्याकडील ग्रामपंचायतीच्या कामाशी ज्याचा संबंध आला आहे त्यास ही पायरीवार रचना अपरिचित वाटणार नाही. अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, मोजमाप आणि मग बिल, अशी आपली साखळी आहे. तिच्या मुळाशी असावयास हवा तो ग्रामसभेचा ठराव. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाने ग्रामसभेस स्थान दिले, २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आलेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने त्यास संविधानाचा आधार दिला, आणि चौदाव्या वित्त आयोगाचा निधी २०१५ पासून थेट ग्रामपंचायतींकडे येऊ लागल्यावर ‘आमचं गाव, आमचा विकास’ या नावाने वार्षिक आराखडा करण्याची व तो ग्रामसभेपुढे ठेवण्याची पद्धत राज्यभर रूढ झाली.

मत कोणाचे?

दोन्ही व्यवस्थांतील पहिला भेद मताच्या स्वरूपात आहे. विधानसभेच्या मतदारयादीत ज्याचे नाव त्या गावासाठी नोंदले आहे तो ग्रामसभेचा सभासद. शंभर एकरांचा धनी आणि दुसऱ्याच्या बांधावर मजुरी करणारी बाई यांचे मत समान. आभासी खजिन्यात मात्र मत माणसाचे नसून ठेवीचे असते. ज्याची ठेव मोठी त्याची मते अधिक. कारण प्रणालीस माणूस ओळखता येत नाही, आणि एकाच इसमाने शंभर नावे धारण केली तर ते तिला कळणार नाही. ठेवीची नक्कल मात्र करता येत नाही, म्हणून ती ठेवच मोजते.

या युक्तिवादात तथ्य नाही असे नाही. ज्याचे द्रव्य पणाला लागले आहे तो अधिक जबाबदारीने मत देईल, ही अपेक्षा आपल्याही पूर्वजांनी बाळगली होती. जुन्या गावगाड्यात गोतसभेपुढे वाद येई तेव्हा वतनदार आणि मिरासदार यांच्या शब्दास जे वजन असे ते उपऱ्यास नसे. निवाड्याच्या महजरावर, म्हणजे लेखी निर्णयपत्रावर, पाटलाचा नांगर आणि इतरांच्या निशाण्या उमटत, त्या त्यांच्या वतनाच्या होत. परंतु वतनाचे हित आणि वस्तीचे हित एक नसले म्हणजे काय घडते, हे मुळशी पेट्याने पाहिले आहे. मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाजवळ टाटा कंपनीने धरण बांधावयास घेतले आणि भूसंपादनाचा कायदा तिच्या मदतीस आला, तेव्हा १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रह आरंभिला. विनायकराव भुस्कुटे यांनी त्याची संघटना केली आणि पांडुरंग महादेव बापट याच लढ्यातून ‘सेनापती’ झाले. १९२४ पर्यंत चाललेल्या त्या लढ्यात पुढे जो मतभेद झाला तो मोठा उद्बोधक आहे. जमिनींवर ज्यांचे कर्ज किंवा मालकी होती अशा पुण्याच्या सावकारांना भरपाईची रक्कम मान्य होण्याजोगी होती. जे ती जमीन कसत होते त्यांना रक्कम नको होती, जमीन हवी होती. त्या वेळी ठेवीच्या प्रमाणात मते मोजली असती, तर निर्णय पहिल्या तासातच सावकारांच्या बाजूने लागला असता आणि तो नियमानुसारही ठरला असता.

ठेवीच्या मताचा दुसरा धोका याहून नवा आहे: ठेव उसनी आणता येते. १७ एप्रिल २०२२ रोजी ‘बीनस्टॉक’ नावाच्या प्रकल्पात एकाने क्षणभरासाठी सुमारे शंभर कोटी डॉलरचे कर्ज उभे केले, त्या बळावर दोनतृतीयांशांहून अधिक मते आपल्या हाती घेतली, स्वतःच आधी मांडलेला प्रस्ताव मंजूर करविला, खजिना आपल्याकडे वळविला आणि कर्ज फेडूनही टाकले. हे सर्व एकाच व्यवहारात घडले. प्रकल्पाची हानी सुमारे १८ कोटी २० लाख डॉलरची झाली. मताचा अधिकार मिळविण्यासाठी चलन दीर्घकाळ अडकवून ठेवण्याची जी अट डिक्रेडने घातली आहे तिचे मर्म या घटनेनंतर अधिक ध्यानात येते. जो मत देतो त्यास निर्णयाच्या परिणामासह काही काळ राहावे लागले पाहिजे.

माणसाच्या मतासही मर्यादा आहेत, हे मान्य केले पाहिजे. पिरंगुटच्या कारखान्यांत राबणारा जो कामगार बाहेरगावाहून आला आणि ज्याचे नाव अजून मूळ गावच्याच यादीत आहे, तो येथले पाणी पितो, येथल्या रस्त्यावरून चालतो, पण येथल्या ग्रामसभेत त्यास हात वर करता येत नाही.

किती जण पुरे?

मत कोणाचे हे ठरले तरी किती मते पुरेशी, हा प्रश्न उरतो. आपल्या ग्रामसभेची गणपूर्ती एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. हजारो मतदारांच्या गावात याचा अर्थ शंभर माणसे असा होतो. आणि तीही न जमल्यास सभा तहकूब होते, व तहकूब सभेस गणपूर्तीचे बंधन राहत नाही. परिणामी अनेक ठिकाणी मूळ सभा ही तहकुबीसाठीच बोलाविली जाते आणि लाखो रुपयांच्या कामांचे ठराव नंतर मोजक्या इसमांच्या सह्यांनी इतिवृत्तात चढतात. डिक्रेडच्या यंत्राला अशी पळवाट ठाऊक नाही. तेथे वीस टक्के भरले नाहीत तर प्रस्ताव संपला.

अगदी उलट टोकाचे उदाहरण गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाचे. तेथे बहुमताने निर्णय होत नाही, सर्वसहमतीने होतो. एकाचाही विरोध असला तर विषय पुढील सभेकडे जातो. या गावास २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकारही त्याने मिळविला; तेव्हापासून बांबूची विक्री कोणास व कोणत्या शर्तींवर करावयाची, हे ग्रामसभा स्वतः ठरवू लागली. छोट्या, परस्परांस ओळखणाऱ्या वस्तीतच हे शक्य आहे, असा आक्षेप घेता येईल आणि तो खराही आहे. मोठ्या वस्तीचा अनुभव पाहावयाचा तर पुणे महानगरपालिकेने २००६ पासून नागरिकांकडून प्रभागातील कामे मागविण्याचा जो उपक्रम चालविला त्याकडे पाहावे. ब्राझीलमधील पोर्तो अलेग्रे शहराने १९८९ मध्ये घालून दिलेल्या परंपरेतील तो होय; परंतु पुण्यात नागरिक काम सुचवितो आणि मंजुरी प्रभाग समिती देते. सूचना आणि मत यांतले अंतर कमी नाही.

काम कोणी पाहिले?

तथापि माझ्या मते या साऱ्या विवेचनाचा कणा मतदानात नसून मतदानानंतरच्या टप्प्यात आहे. २०१६ मध्ये इथेरियम या दुसऱ्या आभासी चलनाच्या प्रणालीवर ‘द डाओ’ नावाची संस्था निघाली, तिचा उद्देशच मुळी मक्तेदारांचे प्रस्ताव मताला टाकून त्यांना द्रव्य पुरविण्याचा होता. काही आठवड्यांत सुमारे पंधरा कोटी डॉलर गोळा झाले. १७ जून रोजी प्रणालीतील एका फटीतून सुमारे ३६ लाख ईथर (हे तेथले चलन) बाहेर काढण्यात आले, आणि ते परत मिळविण्यासाठी २० जुलैला संपूर्ण नोंदवहीचीच दिशा बदलावी लागली. ज्यांना तो फेरफार अमान्य होता त्यांनी जुनी वही तशीच पुढे चालविली. मतदानाची व्यवस्था कितीही सुबक असली तरी खजिन्याचे कुलूप आणि हिशेबाची तपासणी ही निराळी शास्त्रे आहेत, हा धडा त्या प्रयोगाने फार महाग किमतीला दिला.

कुलूप बळकट झाले तरी एक अडचण उरतेच. संगणकाची सामाईक वही मते अचूक मोजते, पैसे कोणत्या दिवशी कोणाकडे गेले हे कायमचे नोंदविते आणि त्यातले एक अक्षरही कोणा एकट्यास खोडता येत नाही. पण मक्तेदाराने लावलेले तास खरोखर लावले काय, प्रसिद्धीवर खर्च झालेल्या रकमेने काही साधले काय, हे ती सांगू शकत नाही. त्यासाठी माणसानेच बिल पाहावे लागते, आणि तो माणूस बहुधा दुसरा मक्तेदारच असतो.  

आपल्याकडे कामाच्या मोजमापासाठी पुस्तिका असते, तिला सगळे ‘एम.बी.’ म्हणतात. रस्त्याची लांबी, रुंदी, खडीच्या थराची जाडी अभियंत्याने तीत लिहावयाची आणि तिच्या आधारे बिल निघावयाचे. गंमत अशी की, जी गोष्ट गावातील प्रत्येक डोळस इसमास दिसते, म्हणजे गटाराचा उतार उलटा पडला आहे किंवा पहिल्याच पावसात डांबर उखडले आहे, ती या पुस्तिकेत उमटेलच याची शाश्वती नाही. आणि जी पुस्तिकेत लिहिली आहे ती गावास सहसा वाचून दाखविली जात नाही. २००५ च्या रोजगार हमी कायद्याने मक्तेदारास मज्जाव करून कामांचे सामाजिक अंकेक्षण ग्रामसभेकडे सोपविले, ते याच जाणिवेने. क्रिप्टोच्या खजिन्याजवळ निर्दोष वही आहे, पण तिच्यापाशी डोळे नाहीत. ग्रामसभेपाशी डोळे आहेत, पण वही कपाटात असते.

म्हणून आभासी चलनात एक पैसाही न गुंतविणाऱ्या वाचकानेही त्या कारभारातून दोन रीती उचलाव्यात असे मला वाटते. एक म्हणजे सगळी रक्कम मंजुरीबरोबर बांधून न टाकता प्रत्येक हप्ता पुन्हा मालकांपुढे आणण्याची. दुसरी म्हणजे बिल, त्यामागील काम आणि मंजुरीचा ठराव ही तिन्ही एकत्र, कोणासही पाहता येतील अशी ठेवण्याची. त्यासाठी संगणकाचीही आवश्यकता नाही. वर्षातून किमान चार ग्रामसभा घेणे बंधनकारक आहेच. त्यांपैकी प्रत्येकीत, मागील सभेनंतर निघालेल्या बिलांची मोजमाप पुस्तिका मोठ्याने वाचावी, ज्याच्या दारासमोरून तो रस्ता गेला आहे त्यास ‘हे बरोबर आहे काय’ असे विचारावे, आणि त्याचे उत्तर, अनुकूल असो वा प्रतिकूल, अंतिम बिल निघण्यापूर्वी इतिवृत्तात रुजू करावे. एवढे केले तर मक्ता कोणास मिळाला यावरून होणारी अर्धी भांडणे मिटतील, आणि उरलेली अर्धी निदान कामाविषयी होतील.