माझे मामा पोलीस शिपाई



माझे मामा मुंबईला बोरीवलीत पोलीस शिपाई आहेत. शिपाई ही पोलीस खात्यातली पहिली पायरी. त्याच्या वर हवालदार, मग सहायक फौजदार, मग फौजदार. फौजदाराला कागदावर पोलीस उपनिरीक्षक म्हणतात. आपल्या गावात पोलीस पाटील असतात, त्यांना सगळे ओळखतात. पण शिपाई दिवसभर काय करतो असं विचारलं, तर वर्गातली मुलं म्हणतात, "काठी घेऊन उभा राहतो." मलाही तसंच वाटायचं. म्हणून या मे महिन्याच्या सुट्टीत मी मामांना पुष्कळ प्रश्न विचारले. त्यांनी सांगितलं ते इथे लिहीत आहे.

आधी माझी एक फजिती सांगते. मी दुसरीत असताना आईबरोबर बोरीवलीला गेले होते. संध्याकाळी आम्ही स्टेशनजवळच्या बाजारात गेलो. मी फुगेवाल्याकडे बघत उभी राहिले आणि मागे वळून पाहते तो आई नाही! समोर चौकात एक शिपाई उभे होते. त्यांच्याकडे जायचं सोडून मी एका हातगाडीच्या मागे लपून बसले. कारण घरी मी हट्ट केला की सगळे म्हणत, "गप्प बस, नाहीतर पोलिसाला देईन." मला वाटलं, आता हे मला धरून नेणार. माझे मामाही पोलीस आहेत हे मला आठवलंसुद्धा नाही. मामा गावी येतात तेव्हा पायजमा घालून ओट्यावर बसतात, ते कुठे पोलिसासारखे दिसतात!

बऱ्याच वेळाने एका फळवाल्या मावशींनी मला रडताना पाहिलं आणि हाताला धरून त्याच शिपायांकडे नेलं. ते माझ्यासमोर उकिडवे बसले. आधी पाणी दिलं. मग शाळेचं नाव, गुरुजींचं नाव, गावाचं नाव विचारलं. मला वडिलांचं नाव सांगता आलं, पण फोन नंबर पाठ नव्हता. त्यांनी वायरलेसवर माझ्या फ्रॉकचा रंग आणि वय कळवलं. आई तिकडे पोलीस चौकीत रडत बसली होती. दहा मिनिटांत आमची भेट झाली. मी लपले नसते, तर आईला एवढा वेळ रडावं लागलं नसतं.

आता शिपायाचं काम सांगते.

प्रत्येक पोलीस ठाण्याची हद्द ठरलेली असते. बोरीवलीत पूर्वेला कस्तुरबा मार्ग पोलीस ठाणे आहे, पश्चिमेला बोरीवली पोलीस ठाणे आणि एम.एच.बी. कॉलनी पोलीस ठाणे आहे. रेल्वेच्या फलाटावर चोरी झाली तर ते काम लोहमार्ग पोलिसांचे. ठाण्याच्या हद्दीचे तुकडे पाडतात, त्यांना बीट म्हणतात. बीटवर फिरायचं म्हणजे गस्त घालायची. कोणी पायी फिरतात, कोणी मोटारसायकलवर. त्या मोटारसायकलवाल्यांना मुंबईत बीट मार्शल म्हणतात. कोणी 112 नंबर फिरवला की जवळच्या पोलिसांना निरोप जातो आणि ते तिथे पोचतात. पूर्वी हा नंबर 100 होता, तो मोठ्या माणसांच्या अजून तोंडात आहे.

गस्तीशिवाय आणखी कामे असतात. नाकाबंदीत गाड्या तपासायच्या. कोर्टाचे समन्स घरोघरी पोचवायचे. गणपतीत, निवडणुकीत, मोर्चात बंदोबस्त करायचा. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची विचारपूस करायची. बोरीवलीला लागून संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. ते सुमारे 103 चौरस किलोमीटरचे आहे आणि तिथे बिबटे आहेत. कधी बिबट्या वस्तीत आला, तर त्याला पकडण्याचं काम वनखात्याचं. पोलिसांचं काम गर्दी मागे हटवण्याचं. मामा म्हणतात, "बिबट्यापेक्षा बघ्यांना आवरणं अवघड!"

पूर्वी मुंबईत शिपायाची पाळी 12 तासांची असे. 2016 साली देवनार पोलीस ठाण्यात 8 तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला. पण विसर्जनाच्या दिवशी घड्याळ बाजूलाच राहतं. आमच्या मामींनी गणपतीचे मोदक रात्री दोन वाजता वाढल्याचं मला आठवतं.

मी मामांना विचारलं, "मामा, शिपायाला सगळ्यात जास्त काय यावं लागतं? कुस्ती का बंदूक?"

मामा हसून म्हणाले, "अगं, आधी डोळे लागतात. रोज त्याच रस्त्याने जायचं आणि आज काय वेगळं आहे ते ओळखायचं. रोज उघडं असणारं दुकान आज बंद का? दाराशी दुधाच्या पिशव्या दोन दिवस तशाच का? आत आजी एकटी असते, ती पडली तर नसेल?"

दुसरी गोष्ट कान आणि जीभ. भांडणाऱ्या दोघांना वेगवेगळं उभं करून दोघांचंही पुरतं ऐकून घ्यायचं. आपला आवाज चढला की समोरच्याचा दुप्पट चढतो, असं मामा सांगतात. मुंबईत मराठी, हिंदी, गुजराती बोलणारे लोक असतात. त्यांच्या भाषेत दोन शब्द बोलता आले तर निम्मं काम होतं.

तिसरी गोष्ट ऐकून मला नवल वाटलं. ती म्हणजे लिहिणे! अपघात झाला की पंचनामा करतात. गाडीचे नंबर, वेळ, जागा, चाकांच्या खुणा, सगळं लिहावं लागतं. मामा म्हणाले, "जे पाहिलं तेच लिहायचं. बहुतेक, कदाचित हे शब्द आमच्या वहीत चालत नाहीत. दोन वर्षांनी कोर्टात वकील त्याच ओळीवर बोट ठेवतो." आपले गुरुजी शुद्धलेखन का घालतात ते मला तेव्हा समजलं.

चौथी गोष्ट कायदा. आपल्याला काय करता येत नाही, हे शिपायाला पाठ असावं लागतं. पोलीस कोणाला शिक्षा देऊ शकत नाही, ते काम कोर्टाचं. पकडलेल्या माणसाला प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावंच लागतं. 1 जुलै 2024 पासून जुन्या दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, तेव्हा मामांना पुन्हा कलमे शिकावी लागली. गुन्हा दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत घडला असला, तरी "इथे नाही, तिकडे जा" असं म्हणता येत नाही. तक्रार शून्य क्रमांकाने लिहून घेऊन तिकडे पाठवावी लागते.

आणि मुलांनो, हे नीट वाचा. कायद्याने लहान मुलाला पोलीस कोठडीत ठेवता येत नाही. त्याला बेड्याही घालता येत नाहीत. हरवलेल्या मुलाचे आईवडील सापडले नाहीत, तर 24 तासांच्या आत त्याला बाल कल्याण समितीपुढे नेतात आणि समिती त्याची सोय करते. म्हणजे "पोलिसाला देईन" ही धमकी अगदी खोटी आहे.

शिपाई व्हायचं तर बारावी पास व्हावं लागतं. उंची पुरुषांना 165 आणि स्त्रियांना 155 सेंटिमीटर लागते. मैदानी परीक्षा 50 गुणांची असते. त्यात पुरुष 1600 मीटर आणि स्त्रिया 800 मीटर धावतात. शिवाय 100 मीटर धावणे आणि गोळाफेक असते. लेखी परीक्षा 100 गुणांची. तिच्यात गणित, बुद्धिमत्ता, सामान्य ज्ञान आणि मराठी व्याकरण असतं. म्हणजे नुसते पाय पळून भागत नाही, डोकंही पळावं लागतं.

मामांच्या घरात भिंतीवर एक फोटो आहे. तो तुकाराम ओंबळे यांचा. ते सातारा जिल्ह्यातल्या जावळी तालुक्यातील केडंबे गावचे, म्हणजे आपल्यासारखेच खेड्यातले. मुंबई पोलीस दलात ते सहायक फौजदार होते. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री ते गिरगाव चौपाटीजवळ नाकाबंदीला उभे होते. अतिरेक्यांची गाडी तिथे अडली. हातात फक्त लाठी असताना त्यांनी कसाबच्या बंदुकीची नळी धरली. गोळ्या अंगावर घेतल्या, पण नळी सोडली नाही. म्हणून कसाब जिवंत पकडला गेला. 26 जानेवारी 2009 ला त्यांना मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आलं. त्या रात्री ते काही वेगळ्या कामगिरीवर नव्हते. रोजची नाकाबंदीच करत होते.

मी मामांना विचारलं, "तुम्हाला वाईट कशाचं वाटतं?" मला वाटलं, ते उन्हाचं किंवा रात्रपाळीचं नाव घेतील. मामा जरा गप्प राहिले आणि म्हणाले, "मी रस्त्याने जाताना एखादी आई मुलाला म्हणते, जेव, नाहीतर तो बघ पोलीस आला. ते पोरगं माझ्याकडे बघून आईला बिलगतं. उद्या तेच पोरगं हरवलं, तर ते माझ्याकडे कसं येईल?"

मी काहीच बोलले नाही. मला ती हातगाडी आठवली.

म्हणून भित्तिपत्रक वाचायला आलेल्या आईबाबांना माझी हात जोडून विनंती आहे. आम्ही हट्ट केला तर आम्हाला रागवा, पण पोलिसाची भीती घालू नका. आणि मित्रांनो, तुम्ही आजच आपलं पूर्ण नाव, गाव, तालुका आणि घरातला एक मोबाईल नंबर पाठ करा. 112 हा नंबर सर्वांसाठी आणि 1098 हा मुलांसाठी, हेही लक्षात ठेवा. जत्रेत किंवा एसटी स्टँडवर चुकलात तर लपू नका. खाकी कपडे दिसले की सरळ तिकडे चालू लागा.

— इयत्ता सातवीची एक विद्यार्थिनी