रक्तार्श म्हणण्यापूर्वी

गुदमार्गाने रक्त पडण्याची तक्रार घेऊन येणारा चाळिशीतील रुग्ण बहुधा निदान स्वतःच करून आलेला असतो. ‘मूळव्याध आहे, औषध द्या,’ एवढेच त्याचे मागणे असते. पुष्कळदा ते निदान बरोबरही असते. परंतु अर्श आणि मलाशयाचा कर्करोग एकाच रुग्णात असू शकतात आणि दिसणाऱ्या मोडामुळे आतले अर्बुद दुर्लक्षित राहते. कुटज, नागकेशर वा बोलबद्ध रसाने रक्त थांबले म्हणून अर्श सिद्ध होत नाही. अर्बुदाचा रक्तस्राव मध्येच आपोआपही थांबतो.

हा केवळ उतारवयाचा रोग, हा समज आता टिकणारा नाही. पन्नाशीच्या आतील रुग्ण वाढत असल्याचे पाहून अमेरिकन कॅन्सर सोसायटीने २०१८ मध्ये तक्रार नसलेल्यांच्या तपासणीचे वय ५० वरून ४५ वर आणले. २०२१ मध्ये तेथील शासननियुक्त तज्ज्ञगटानेही तेच केले. आपल्याकडे या रोगाचे एकूण प्रमाण तेथल्याहून बरेच कमी आहे, त्यामुळे तो नियम जसाच्या तसा उचलावा असे मी म्हणणार नाही. मात्र आपल्या शासकीय कार्यक्रमात मुख, स्तन व गर्भाशयमुख यांच्याच कर्करोगांची प्राथमिक तपासणी होते. आतड्याची तपासणी सुचविणे रुग्णाच्या नेहमीच्या वैद्यावरच येते.

काहीच तक्रार नसलेल्या पंचेचाळिशीपुढील व्यक्तीस वर्षातून एकदा मलातील अदृश्य रक्ताची ‘फिट’ तपासणी सुचवावी. ती मानवी रक्तच ओळखते, म्हणून पथ्य लागत नाही. दोष आढळल्यास कोलोनोस्कोपी करावीच. ‘मूळव्याधीचे असेल’ म्हणून ती टाळू नये. आतड्यातील पॉलिपचा कर्करोग होण्यास बहुधा दहाएक वर्षे लागतात. त्या अवधीत पॉलिप दुर्बिणीतून काढला की पुढचा रोगच टळतो. आई, वडील वा भावंडांस हा रोग झाला असल्यास चाळिशीपासून, अथवा त्या आप्ताच्या निदानवयाच्या दहा वर्षे आधीपासून, यांतील जे आधी येईल तेव्हा थेट कोलोनोस्कोपी योग्य.

रक्त पडत असेल, मलप्रवृत्तीची सवय बदलून काही आठवडे झाले असतील, वजन घटत असेल किंवा कारणावाचून पांडुता असेल, तर ‘फिट’वर विसंबू नये, अशा रुग्णास वय न पाहता तज्ज्ञाकडे धाडावे. पुरुषाच्या पांडुरोगात मूळ न शोधता मंडूर चालू ठेवणे तर विशेष घातक. लोहाने मल काळा होतो, त्यामुळे वरच्या भागातील रक्तस्रावाची खूणही झाकली जाते.

सुश्रुताचार्यांनी साडेचार अंगुळे गुदाच्या तीन वली सांगितल्या, अर्शोयंत्र वर्णिले; आपल्यापैकी किती जण आज अर्शाच्या रुग्णासाठी हातमोजा चढवतात? मलाशयातील खालची अर्बुदे बोटाला लागतात.

औषधालयचालकांचा वाटाही मोठा आहे. अर्शाची तीच गोळी वा सारक चूर्ण महिनोन्‌महिने चिठ्ठीवाचून नेणाऱ्या ग्राहकास रक्त पडते का, किती दिवस, घरात कोणाला आतड्याचा कर्करोग झाला होता का, एवढे विचारावे आणि पुढचा डबा देण्याआधी वैद्याकडे पाठवावे.