प्रश्न कोणाला विचारला जातो?

प्राथमिक शिक्षणाविषयी आपल्या चळवळीत जे बोलले जाते ते बहुधा प्रवेश, शिष्यवृत्ती आणि गळती यांविषयी. मूल शाळेत गेल्यावर वर्गाच्या चार भिंतींत त्याचे काय होते, हा प्रश्न आपण शिक्षकांवर सोपवून मोकळे झालो आहोत. मी स्वतः शिक्षक आहे. जिल्हा परिषदेच्या शाळांत २३ वर्षे पाचवी ते सातवीचे वर्ग शिकवले. त्या अनुभवावरून काही मांडायचे आहे, आणि सुरुवात माझ्या स्वतःच्या चुकीपासूनच करणे प्रामाणिकपणाचे होईल.

काही वर्षांपूर्वी मी एका सहकारी बाईंना विनंती केली, की माझ्या गणिताच्या तासाला मागे बसा आणि मी प्रश्न कोणाला विचारतो तेवढेच टिपा. त्यांनी वर्गाचा आराखडा काढला. प्रत्येक मुलाची एक चौकट. प्रश्न विचारला की चौकटीत एक रेघ. अपूर्णांकांचा पाठ होता. तास संपल्यावर बाईंनी कागद माझ्या हाती दिला. पुढच्या दोन रांगा रेघांनी भरल्या होत्या. शेवटच्या रांगेत एकही रेघ नव्हती. त्या रांगेत आमच्याच वस्तीतली चार मुले आणि पारध्यांच्या पालावरची एक मुलगी बसत असे. बाई म्हणाल्या, "सर, त्या पोरीला तुम्ही एकदाच हाक मारलीत, फळा पुसायला."

मी गावकुसाबाहेर वाढलो. ‘व्हतं’ म्हटले म्हणून मला भर वर्गात उभे केले जाई. तोच मी आता मागच्या रांगेला मुके ठेवीत होतो. मनात आकस नव्हता. अभ्यासक्रम वेळेत संपवायचा होता, आणि हात वर करणाऱ्याला विचारले की पाठ पुढे सरकतो. पण हात वर कोण करतो? ज्याच्या घरी पुस्तकातली भाषा बोलली जाते तो. जातीची उतरंड टिकायला प्रत्येक वेळी जातीयवादी शिक्षक लागतोच असे नाही. घाईत असलेला भला शिक्षकही पुरतो.

यातली दुसरी गोष्ट वेळेची. अमेरिकेतील संशोधिका मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात दाखवून दिले, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद किंवा अधिक थांबले, तर उत्तरे लांबतात, गप्प मुले बोलू लागतात आणि मुलांचे स्वतःचे प्रश्न वाढतात. जे मूल प्रश्न आधी आपल्या बोलीत समजून घेते आणि मग प्रमाण भाषेत उत्तर जुळवते, त्याला एका सेकंदात काय जमणार? त्या मौनाला आपण ‘ढ’ असे नाव देतो.

तिसरी गोष्ट भाषेची. १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये मुक्ता साळवे या मांग समाजातील विद्यार्थिनीचा महार-मांगांच्या दुःखाविषयीचा निबंध छापून आला. ती जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकत होती. आपल्या लोकांचे दुःख हा निबंधाचा विषय होऊ शकतो, हे तिला त्या शाळेत उमगले. आज आपण ‘माझी सहल’ लिहायला सांगतो, आणि जे मूल कधी सहलीला गेलेच नाही ते मार्गदर्शिकेतली सहल उतरवून काढते. वर आपण लाल शाईने त्याचे ऱ्हस्व-दीर्घ सुधारतो.

१८८२ साली हंटर आयोगापुढील निवेदनात जोतीरावांनी शिक्षकाच्या प्रश्नाला हात घातला होता. प्राथमिक शाळांतले शिक्षक जवळजवळ सारे ब्राह्मण आहेत, त्यांना अपुरा पगार आहे. शेतकरी वर्गातून असे प्रशिक्षित शिक्षक तयार करावेत जे लोकांत मिसळतील आणि प्रसंगी नांगराची मूठही धरतील, असा त्यांचा आशय होता. आपल्यातले शिक्षक आज वर्गात उभे आहेत, ही लढ्याची कमाई आहे. पण जोतीरावांना मिसळणारा शिक्षक हवा होता. केवळ जन्माने तो गुण येत नाही, हे मी स्वतःवरून सांगतो.

मग प्रशिक्षणाचे काय? २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाला वर्षाला ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवली आहे. मी अनेक प्रशिक्षणांना बसलो. तज्ज्ञ बोलतात, आम्ही हजेरीवर सही करतो, चहा होतो. स्वतःच्या वर्गाकडे पाहायला कोणी शिकवत नाही.

आमच्या केंद्रातल्या काही शिक्षकांनी पुढे एवढेच केले: दोघांची जोडी, महिन्यातून एकदा एकमेकांच्या तासाला बसणे, तोच आराखडा, त्याच रेघा, मग शिक्षण परिषदेत त्यावर मोकळी चर्चा. अट एकच, की हा कागद अधिकाऱ्याकडे जाणार नाही. गोपनीय अहवालाला जोडला, तर दुसऱ्याच महिन्यापासून सगळ्या चौकटींत सारख्या रेघा दिसू लागतील. भीतीने शिक्षक सुधारत नाही, कागद सुधारतो.

मी प्रश्न विचारून मनात पाच अंक मोजू लागलो. पहिले काही दिवस मागची रांग गप्पच होती. पुढची मुले चुळबुळत, आणि पाठही मागे पडला. मग एकदा पालावरच्या त्या मुलीनेच विचारले, "गुरुजी, पाव किलू म्हंजी चारातलं येक का?" मी फळ्यावर एक छेद चार लिहिले आणि तिला ते वाचायला लावले.

कार्यकर्त्यांना एक विनंती आहे. शाळेत जाल तेव्हा पटसंख्या विचारा, पोषण आहार पाहा. पण शिक्षकांच्या संमतीने एक तास मागेही बसा, आणि शेवटच्या रांगेपर्यंत किती प्रश्न पोचतात ते मोजा. आपली मुले शाळेत गेली आहेत. ती वर्गात आली की नाही, हे त्यावरून कळेल.